बांधाच्या दोन्ही बाजूंचे घर
गोव्याची खाजणे, तेथील जलचर आणि गावकरी

घर हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर चार भिंती, छप्पर आणि उंबरठा उभा राहतो. प्राचीन ग्रीक भाषेत घराला 'ओइकोस' म्हणत आणि त्या शब्दाचा अर्थ केवळ वास्तूपुरता मर्यादित नव्हता. वास्तूत राहणारी माणसे, त्यांची गुरेढोरे, त्यांची मालमत्ता आणि ह्या साऱ्याची व्यवस्था असा मोठा संसार त्यात सामावलेला असे. ह्याच शब्दावरून १८६६ साली जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल ह्यांनी 'इकॉलॉजी' म्हणजे परिस्थितिकी हा शब्द घडविला. आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो त्या 'पॅरिश' शब्दाचे मूळदेखील 'ओइकोस'मध्येच आहे. घराच्या शेजारी राहणारा, असा त्याचा मूळ आशय. सृष्टीच्या घराचा विचार आणि शेजाऱ्यांच्या समूहाचा विचार हे दोन्ही असे एकाच मुळातून फुटलेले आहेत.

हा अर्थ ध्यानात घेतला, म्हणजे पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्यांचे घर कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. जेथे सहा तासांपूर्वी पाणी होते तेथे आता चिखल आहे आणि आणखी सहा तासांनी पुन्हा पाणी असणार आहे, अशा जागी उंबरठा तरी कोठे मानावा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गोव्याच्या खाजण जमिनींकडे पाहणे उद्बोधक ठरेल. कारण तेथे मनुष्याने आणि जलचरांनी मिळून शेकडो वर्षे एकच घर वापरले आहे.

समुद्राच्या पातळीखालची शेते

मांडवी, झुआरी आणि गोव्यातील इतर नद्यांच्या मुखाकडील भागात भरतीचे खारे पाणी बरेच आतपर्यंत चढते. नदीकाठच्या सखल जमिनी ह्या पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून पूर्वजांनी तेथे बांध घातले. माती, गवताचा पेंढा, लाकडाच्या खुंट्या आणि जांभा दगड एवढ्याच साहित्याने उभारलेले हे बांध होत. बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पातळीहून खाली असते. अशा जमिनीला गोव्यात खाजण म्हणतात. आपल्या कोकणातही हा शब्द अपरिचित नाही. गोव्यात अशी जमीन सुमारे १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. जुन्या ताम्रपटांतही ह्या जमिनींचा उल्लेख येतो आणि ही व्यवस्था हजार वर्षांहून जुनी असल्याचे मानले जाते.

पावसाळा सुरू झाला की जूनमधल्या सरी जमिनीतले मीठ धुऊन काढतात. त्यानंतर तेथे कोरगुट नावाचे, थोडाफार खारटपणा सोसणारे भात पिकते. भात कापून झाल्यावर काही ठिकाणी भाजीपाला होतो, तर काही ठिकाणी नदीचे खारे पाणी मर्यादित प्रमाणात आत घेऊन मासे व कोळंबी वाढविली जाते. ह्या खाऱ्या पाण्याने शेतातले तणही मरते. एकाच जमिनीत पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मासळी, अशी ही आलटून पालटून चालणारी शेती आहे.

ओहोटीला उघडणारे दार

ह्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म एका दारात आहे. बांधात ठरावीक जागी पाण्याची वाट ठेवून तिला लाकडी झडपा बसविलेल्या असतात. गोव्यात ह्या दाराला 'मानस' म्हणतात. त्याची रचना साधी असली तरी मोठ्या हुशारीची आहे. भरती चढू लागली की नदीचे पाणी बाहेरून दाबते आणि झडपा आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर रेटते आणि झडपा आपोआप उघडतात. पावसाळ्यात शेतात तुंबलेले पाणी ह्याच वाटेने निघून जाते. दारालगत आतल्या बाजूस एक खोलगट डोह असतो. त्याला 'पोंय' म्हणतात. दारातून आलेले पाणी प्रथम त्यात विसावते आणि मगच चरांतून पुढे जाते. त्यामुळे भरतीचा जोर थेट शेतावर येत नाही.

बांध खाऱ्या पाण्याला अडवितो आणि मानस त्याला वेळ व प्रमाण नेमून देते. पाणी पूर्णपणे बंद करावे, हा ह्या बांधकामाचा हेतू कधीच नव्हता. घराच्या दाराचेही असेच असते. दार नसलेली भिंत ही तुरुंगाची भिंत होते आणि सदैव सताड उघडे असलेले दार घराला घरपण ठेवीत नाही.

ह्या घरातील रहिवासी

बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला तिवरांची झाडी असते. ती लाटांचा मार स्वतः सोसते आणि बांधाची माती वाहून जाऊ देत नाही. तिवरांच्या जमिनीतून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळांमध्ये खेकड्यांची बिळे असतात. खेकडे गळलेली पाने खातात, बिळात ओढून नेतात आणि चिखल उकरून त्यात हवा खेळती ठेवतात. ज्या झाडाच्या आधाराने खेकडा राहतो, त्या झाडाच्या मुळांना खेकड्याच्याच बिळांमुळे श्वास मिळतो. ह्या दोघांमध्ये घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, हे सांगणे कठीण आहे.

त्याच चिखलात निवटी हा चमत्कारिक मासा राहतो. ओहोटीला तो पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारीत फिरतो आणि ओल्या त्वचेतून श्वास घेतो. त्याची अंडी चिखलातील बिळाच्या छताला चिकटलेली असतात. तेथील पाण्यात प्राणवायू फार थोडा असल्यामुळे हा मासा तोंडात हवा भरून घेतो आणि बिळात नेऊन सोडतो. पिल्लांसाठी घरात हवा वाहून नेणारा असा पालक सृष्टीत विरळाच!

गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच रायगडातला जिताडा. ह्या माशाचा जन्म नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात होतो. त्याची पिल्ले खाडीत, पाणथळीत आणि पुढे गोड्या पाण्यातही वाढतात. मोठी झाल्यावर ती प्रजननासाठी पुन्हा खाऱ्या पाण्याकडे जातात. कोळंबीचा प्रवासही साधारण अशाच टप्प्यांचा. ती समुद्रात जन्मते, बालपण खाडीच्या आश्रयाने काढते आणि प्रौढपणी समुद्रात परतते. चिंबोरीची मादीही अंडी सोडण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जाते. ह्या जीवांचे घर नकाशावर एका ठिपक्याने दाखविता येणार नाही. तो एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावरील एकही मुक्काम नाहीसा झाला तर सारे घर मोडते.

ह्या घरातील सर्वांत देखणा रहिवासी म्हणजे पाणमांजर. मांडवी नदीतील चोडण बेटाच्या परिसरात मऊ, तुकतुकीत केसांची पाणमांजरे आढळतात. १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ह्याच बेटावर आहे. पाणमांजर हा कुटुंबवत्सल प्राणी होय. आई, बाप, चालू वर्षाची पिल्ले आणि पुष्कळदा आधीची मोठी भावंडेही एकत्र राहतात आणि एकत्र मासे धरतात. पाण्यात आयुष्य काढणाऱ्या ह्या प्राण्याच्या पिल्लांना जन्मतः पोहता येत नाही. मोठ्यांच्या सोबतीने त्यांना ते शिकावे लागते. काठावरील दाट झाडीत किंवा मातीत त्यांची बिळे असतात. ठरलेल्या जागी विष्ठा टाकून ती आपल्या हद्दीची खूण करतात आणि एकमेकांना वार्ताही देतात. माशांचे खवले मिसळलेल्या ह्या खुणा बांधावरही दिसतात. माणसाने शेत राखण्यासाठी घातलेला बांध पाणमांजराच्या लेखी गावचा चव्हाटा आहे.

हा प्राणी आज जगभर संकटात आहे. कातड्यासाठी व पाळण्यासाठी होणारा त्याचा व्यापार रोखण्याकरिता २०१९ साली आंतरराष्ट्रीय कराराखाली त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घालण्यात आले. मच्छीमारांची त्याच्याविषयीची तक्रारही खोटी नाही. जाळ्यातले मासे पळविताना तो जाळी फाडतो आणि गरीब माणसाला ते नुकसान परवडणारे नसते. शेजार म्हटला की अशी कुरबूर आलीच. परंतु पाणमांजर जेथे पोट भरू शकते तेथे मासळी शिल्लक आहे आणि पाणी जिवंत आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

बांध राखणारी माणसे

मातीचा बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, लाटा त्याची माती खातात, मानशीचे लाकूड कुजते. लहानसे भोक वेळीच बुजविले नाही तर एका मोठ्या भरतीत बांध फुटतो आणि एकाच्या नव्हे तर साऱ्या गावाच्या शेतात मीठ शिरते. म्हणूनच खाजण कोणा एकट्याला राखता येत नाही. गोव्यात हे काम गावकरी नावाच्या ग्रामसंस्था करीत असत. पोर्तुगीज आल्यानंतर त्यांना 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले. नव्या राज्यकर्त्यांनाही ह्या संस्था मोडणे सोयीचे वाटले नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया ह्यांनी त्यांच्या चालीरीती व हक्क लेखी स्वरूपात नोंदवून घेतले.

गावाची जमीन संस्थेच्या मालकीची असे आणि ती लिलावाने कसण्यास दिली जाई. मानशीपाशी मासे धरण्याच्या हक्काचाही लिलाव होई. त्या उत्पन्नातून बांधांची व दारांची दुरुस्ती होत असे. मासे धरण्याचा पैसा बांधाला आणि बांधाच्या आश्रयाने भात व मासे, असे हे चक्र होते.

ह्या नात्याची एक हृद्य खूण फोंडा तालुक्यातील भोम येथे अजूनही पाहावयास मिळते. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. पौष अमावास्येच्या सुमारास तेथील हिंदू शेतकरी बांधव खाजणात चिखलाची मगर घडवितात, तिला शिंपल्यांनी सजवितात आणि तिची पूजा करतात. हा विधी 'मानगे थापणी' ह्या नावाने ओळखला जातो. मगरीने बांध राखावा आणि माणसांना इजा करू नये, अशी त्यामागील भावना आहे. आपल्या श्रद्धा भिन्न असल्या तरी त्यातून व्यक्त होणारी जाणीव आपल्यालाही विचार करावयास लावते. ज्या प्राण्याचे भय वाटते, त्यालाही ह्या लोकांनी घराच्या हिशेबात धरले आहे.

ही जुनी व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. तिचे सभासदत्व वंशपरंपरेने पुरुषांकडेच जाई. स्त्रियांना आणि प्रत्यक्ष चिखलात राबणाऱ्या अनेक कष्टकऱ्यांना तिच्यात आवाज नव्हता. ज्यांच्या घामावर बांध उभा होता, त्यांपैकी पुष्कळांचे त्या घरात हक्काचे स्थान नव्हते.

बांध फुटतो तेव्हा

गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ साली कूळ कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देऊ केली. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. परंतु जमीन वाटली गेली तरी बांध वाटता येत नव्हता. बांधांची जबाबदारी आता कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांनी ती उत्तम निभावली. पुष्कळ ठिकाणी मात्र शेती परवडेनाशी झाली, तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईला, आखाती देशांत वा बोटीवर गेली आणि बांधावर फेरी मारणारे कोणी उरले नाही.

त्यातच मासळीला व कोळंबीला चढा भाव मिळू लागला. भाताची काळजी सुटली आणि मानशीचे दार मासळीच्या फायद्यासाठी हवे तेव्हा उघडे राहू लागले. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्याही तक्रारी झाल्या. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजविले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी पट्ट्यातील औद्योगिक स्वरूपाच्या कोळंबी प्रकल्पांना मनाई केली. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी विशेष तरतूदही झाली. परंतु कायदा भोक बुजवायला बांधावर जात नाही. त्यासाठी फावडे घेतलेला माणूसच लागतो.

बांध फुटला की काय होते? मीठ शेतात मुरते आणि लगतच्या विहिरींचे पाणीही मचूळ होते. भात बंद पडते. भाताच्या पाण्यात राहणारे बेडूक आणि गोड्या पाण्यातले मासे नाहीसे होतात. काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. तिवरांबरोबर खेकडे येतात, निवट्या येतात, पाणमांजरेही येतात. मग बिघडले कोठे, असे कोणी विचारील. सृष्टी कोणतीही जागा रिकामी ठेवीत नाही, हे खरे. परंतु पूर्वी जेथे गोडे व खारे पाणी, शेतकरी व मच्छीमार, बेडूक व खेकडे अशी दुहेरी वस्ती होती, तेथे आता एकेरी वस्ती राहते. शिवाय तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्यामुळे पुढे कोणी शेती करू म्हटले तरी मार्ग बिकट होतो. आणि ज्या पडीक जागेकडे शेतकरी पाठ फिरवितो, तिच्याकडे भराव घालणाऱ्यांचे लक्ष लवकर जाते. भरावाखाली मात्र भातही नाही, तिवरही नाही आणि पाणमांजरही नाही.

आपल्या किनाऱ्यावर

महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र परके वाटू नये. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांच्या खाडीकाठी खारबंदिस्ती आहे. गोव्यातील मानशीचेच काम करणाऱ्या दाराला आपल्याकडे उघाडी म्हणतात. खारभूमीच्या रक्षणासाठी १९७९ साली राज्यात स्वतंत्र कायदा झाला. कांदळवनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असा त्याचा आशय होता. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे दरवर्षी मोठ्या संख्येने येणारे रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो, गुजरात आणि आपला किनारा असे दोन्ही प्रदेश मिळून आपले घर पूर्ण करतात.

दुसरीकडे जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर अतिवृष्टीने कित्येक दिवस पाण्याखाली राहिला आणि मिठागरांच्या वस्तीतील लोक अडकून पडले, ही आठवण अद्याप ताजी आहे. पाण्याला जाण्यासाठी ज्या सखल जागा, ओहोळ आणि खाजणे होती, त्यांवर भराव पडत गेला की पाणी नवी वाट शोधते, आणि ती वाट आपल्या उंबरठ्यावरून जाते. पाणमांजराचे घर बुजविले तर आपले घर बुडते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

घर राखणे

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा पृथ्वीला 'आपले सामाईक घर' हे नाव देऊन त्याच्या निगेविषयीच ते लिहिले. सामाईक हा शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. परंतु खाजणाच्या उदाहरणावरून त्याचा अर्थ नेमका कळतो. सामाईक घर म्हणजे ज्याची निगा कोणा एकाला राखता येत नाही आणि कोणा एकाला टाळताही येत नाही, असे घर. जुन्या गावकरीकडून आपण सामूहिक शिस्त घ्यावी आणि तिने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले त्या स्त्रियांना, मजुरांना आणि भूमिहीनांना ह्या वेळी सोबत घ्यावे. असे झाले तरच नवा बांध टिकेल.

हे काम मोठ्या घोषणांनी होणारे नाही. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत पावसाचे पाणी कोणत्या वाटेने खाडीला मिळते, उघाडी कोठे आहे, ती अखेर दुरुस्त कधी झाली, तिच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे आहे, ह्या प्रश्नांची उत्तरे आज किती जणांना ठाऊक आहेत? गावातील वडीलधाऱ्या शेतकऱ्यांना व कोळी बांधवांना ती ठाऊक असतात. तरुणांनी ती त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावीत. पावसाळ्यापूर्वी एकदा सर्वधर्मीय शेजाऱ्यांसह पाण्याच्या वाटेवरून पायी फिरून यावे. जेथे कचरा तुंबला असेल तेथे तो काढावा, जेथे भराव पडताना दिसेल तेथे ग्रामसभेत वा महापालिकेकडे लेखी तक्रार करावी. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन आहे. १९७१ साली त्याच तारखेला इराणमधील रामसर येथे पाणथळींच्या रक्षणाचा करार झाला. योगायोगाने त्याच दिवशी आपण बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो आणि हाती मेणबत्त्या घेतो. त्या दिवशी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना खाडीकाठी नेऊन निवटी व खेकडे दाखविले, तर शेजारी ह्या शब्दाचा अर्थ त्यांना पुस्तकाहून चांगला समजेल.

चोडणच्या बांधावर पाणमांजराची पिल्ले वडीलधाऱ्यांच्या संगतीने पोहावयास शिकतात. कोणत्या भरतीला कोठे थांबावे आणि कोणत्या ओहोटीला कोठे मासे मिळतील, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते म्हणूनच त्यांचे घर पुढे चालते. आपल्याकडेही बांधावर फेरी मारणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. तिच्यासोबत चार पावले चालण्यास ह्या पावसाळ्यापूर्वीचा काळ योग्य आहे.